काकडीवालीची साक्ष

भिवंडी, १९९८

प्रिय आई,

काल कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फुलांचा गुच्छ, सगळं. तेव्हापासून मला स्वतःची अशी शिसारी आली आहे की सकाळी दाढी करताना आरशात बघवेना. बायकोला सांगायची हिंमत नाही, कंपनीत तर नाहीच नाही. म्हणून तुला लिहायला बसलो. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. पण माझे निकाल तू जन्मभर दुसऱ्याकडूनच वाचून घेतलेस ना? हेही कुणाकडून तरी वाचून घे.

सत्कार कशाचा, विचार. त्या फायनलच्या गोलचा! मी न केलेल्या गोलचा! आमच्या टीममधली सात-आठ पोरं समोर बसली होती. आता सगळ्यांची पोटं सुटली आहेत. त्यातल्या प्रत्येकाला खरं माहीत होतं, आणि प्रत्येकजण टाळ्या वाजवत होता.

तुला हा फुटबॉलचा नाद लागला कसा गं? काल्हेरच्या मळ्यातल्या काकड्या घेऊन तू टेम्पोने भिवंडीच्या बाजारात यायचीस. उरलेला माल संपवायला कॉलेजच्या मैदानाच्या कुंपणाशी बसायचीस. काकडी चिरून मीठ-मिरची लावून द्यायची, एवढंच तुझं काम. पण बसून बसून बघू लागलीस, आणि बघता बघता वरडू लागलीस. मी तेव्हा शाळेत होतो. म्हणजे आपल्या घरात कॉलेज माझ्या आधी तू सुरू केलंस.

पुढे तर बाहेरच्या मॅचनाही निघालीस. विद्यापीठाच्या ठाणे झोनची स्पर्धा पावसाळ्यात सुरू व्हायची. कधी ठाणे, कधी कल्याण, कधी वसई. आमचं कॉलेज म्हणजे दोन मजले आणि वर पत्रे. पहिल्या फेरीत जायचं, चार-पाच गोल खायचे, वडापाव खायचा आणि घरी यायचं, हा आमचा दरवर्षीचा नेम. आणि त्या हरणाऱ्या टीमच्या मागे एस.टी.त पाटी मांडीवर घेऊन बसलेली तू! कंडक्टर विचारायचा, “मावशी, काकड्या विकाया कल्यानला?” तू म्हणायचीस, “न्हाय रं, काकड्यांचा नुसता भाना. आज फुटबालची म्याच हाय.”

झोनमधली सगळी कॉलेजं तुला पाठ होती. कल्याणवाले उंच बॉल मारतात. वसईवाल्यांचा गोलकीपर डावीकडे पडतच नाही. आमचे जिमखान्याचे सर आधी तुला हसायचे, मग हळूच पाटीजवळ येऊन विचारायचे, “मावशी, आज कसं खेळायचं?” आणि मी टीममध्ये आलो, नऊ नंबरचा शर्ट मिळाला, तेव्हाही तू माझ्यासाठी वेगळा काटा लावला नाहीस. सगळ्यांसमोर वरडलीस, “अरं पोऱ्या, पाय हाय का खुटा? हल की जरा!” मी एकुलता एक, म्हणून काही सूट नाही.

एका गोष्टीचा मात्र तुला भयंकर राग. दुसऱ्याच्या कार्डावर खेळणं. झोनमध्ये हे सर्रास चालायचं. कॉलेजात कधी पाऊल न टाकलेला खेळाडू आणायचा, एखाद्या पोराचं ओळखपत्र त्याच्या हातात द्यायचं आणि मैदानात सोडायचा. कार्डावरचे फोटो असे असायचे की आपलाच आपल्याला ओळखू येऊ नये. पण तुझ्या नजरेतून कोण सुटणार? “त्यो मिशीवाला तीन वरसं येतंय, नि दर वरसाला नवं नाव!” असं म्हणत तू थेट रेफरीपर्यंत गेली होतीस. त्या टीमला बाद केलं होतं तुझ्यामुळे. परतीच्या एस.टी.त खिडकीबाहेर थुंकून म्हणालीस, “जेवान शेजाऱ्याचं नि ढेकर ह्यांचा. थू!” तेव्हापासून झोनभर ख्याती झाली, काकडीवाली खोटं बोलत नाही.

मग ते वर्ष आलं. मी एस.वाय.ला होतो. कसे कोण जाणे, आम्ही फायनलला पोचलो. एक मॅच समोरची टीम आलीच नाही म्हणून जिंकलो, दुसरी चिखलामुळे. फायनल ठाण्याला होती. सकाळी सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “विलास, आज तुझं कार्ड दे. तुझ्या जागी एक पोरगा खेळेल. कॉलेजच्या इज्जतीचा प्रश्न आहे.”

आई, मी एकदाही नाही म्हटलं नाही. दुसऱ्यांना शिव्या घालायच्या आधी हे लिहून टाकतो. कार्ड खिशातच होतं. काढलं आणि दिलं. शर्टही अंगातून उतरवून दिला. वर पुन्हा सरांना म्हणालो, “आईला सांगू नका.” काय पण लाजिरवाणा प्राणी होतो मी!

तो पोरगा म्हणजे सलीम. माझ्याच वयाचा, उत्तरेकडच्या मुलुखातून आलेला, भिवंडीत कापडाच्या लूमवर दिवसपाळी करायचा. त्या दिवशी खाडा करून आला होता. सरांनी त्याच्याकडून माझं नाव आणि बाबांचं नाव घोकून घेतलं. मी टोपी डोळ्यांवर ओढून पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. तू समोरच्या कुंपणाशी बसली होतीस. नऊ नंबर मैदानात आला आणि तू उभी राहिलीस. वरडायला उघडलेलं तोंड तसंच मिटलंस. मी एवढ्या लांबून पाहिलं ते.

आणि काय खेळला गं तो! माझ्या पायाला बॉल लागला की बॉलला वाईट वाटायचं. त्याच्या पायाशी तो पाळलेल्या कोंबडीसारखा चालत होता. मॅच संपायला थोडा वेळ असताना दोघांना चुकवून त्याने गोल मारला. माइकवर पुकारा झाला, “गोल! नऊ नंबर, विलास!” सगळं मैदान माझं नाव घेत होतं, आणि मी टाकीच्या शेवाळावर हात टेकून उभा होतो. तो हिरवा बुळबुळीतपणा मला अजून हाताला जाणवतो.

समोरच्या टीमच्या सरांनी मॅच थांबवली. हा पोरगा बोगस आहे म्हणाले. दोन पंच आले. कार्ड बघितलं, तोंड बघितलं. “नाव?” सलीमने सांगितलं. “बापाचं नाव?” तेही सांगितलं. “गाव कुठलं? घरी कोण कोण असतं?” आता त्याची बोबडी वळली. मराठी तेवढी दोन नावांपुरतीच होती. आमचे सर घामाघूम. तेव्हा समोरचे सरच म्हणाले, “भांडण कशाला? ह्याची आई इथंच आहे. काकडीवाली. तिला विचारा. ती सांगेल ते आम्हाला मान्य!”

तुला बोलावलं. तू पाटी खाली ठेवलीस, पदराला हात पुसलेस आणि चिखलातून चालत मध्ये गेलीस. मला वाटलं, संपलं. आता तू सांगणार, आणि सांगायलाच हवं होतं. पण तू एकदा टाकीकडे बघितलंस. मी दिसलो तुला. मग त्या अनोळखी पोराच्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, “वज्रेसरी आयची आन हाय. ह्यो माजा पोर हाय.”

पंच परत गेले. समोरचे सर मान खाली घालून गेले. आम्ही जिंकलो.

का गं केलंस असं? हे मी तुला कधी विचारलं नाही. घाबरत होतो. तू मात्र परतीच्या वाटेवर, कशेळीचा पूल मागे पडल्यावर, आपण होऊन बोललीस. “न्हाय म्हनलं असतं तर तुला कालेजातून काढला असता. नि त्या पोराला लोकांनी मारला असता. कोनाचा तरी असंल ना त्यो?” आणि मग, “उद्या त्याला जेवाया आन. देवीची आन घेतलीय. ती खोटी कशी ऱ्हाईल? आता खरी कराया लागंल.”

मला वाटलं, एक दिवसाचं असेल. तू तर अकरा वर्षं ती शपथ खरी करत राहिलीस! दर रविवारी सलीम आपल्याकडे जेवायला. दिवाळीला मला शर्ट, तर त्याला शर्ट. ईदला तू त्याच्याकडे काकड्यांची पाटी घेऊन जायचीस. त्याला ‘नऊ नंबर’ म्हणायचीस. आणि कुणी विचारलं, हा कोण, तर बिनदिक्कत सांगायचीस, “माजा धाकटा.” माझा किती जळफळाट व्हायचा! ताटावर बसलो की तो ‘अम्मा’ म्हणून भाकरी मागायचा आणि मी अर्ध्या ताटावरून उठायचो. त्याचा राग नव्हता तो. तो समोर आला की मला टाकीमागचा मी दिसायचो.

पण त्या दिवसानंतर तू एकही मॅच बघितली नाहीस. मी सांगायचो, आई, आज कल्याणवाल्यांशी आहे, चल. तू म्हणायचीस, “आता कंच्या तोंडानं वरडू?” एवढंच. मैदानाशेजारून जातानाही मान वळवायची नाहीस. तुझ्या आयुष्यात मळा, बाजार आणि चूल यांच्यापलीकडे एकच मजा होती, ती मी त्या सकाळी खिशातून काढून सरांना देऊन टाकली.

आणि मला काय मिळालं? सुताला खळ लावणाऱ्या सायझिंग कंपनीत मुलाखतीला गेलो तर साहेबांनी प्रमाणपत्र बघून विचारलं, “फायनलचा गोल तुझा?” मी हसलो. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसता हसलो. त्या हसण्यावर खुर्ची मिळाली, पंख्याखालची. सलीम लूम सुटल्यावर काल्हेरच्या गोडाऊनला लागला. गाठोडी उचलून त्याचा गुडघा गेला. आता पाय ओढत चालतो, तू बघितलंसच. तुला खांदा दिला तेव्हाही तसाच, पण मधे बदलू दिलं नाही त्याने कुणाला.

आता कालचं सांगतो. कॉलेजला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम. व्हरांड्यात बोर्ड लावलाय, त्यावर माझं नाव सोनेरी अक्षरांत. तेच सर स्टेजवर, केस काळे केलेले. माइक हातात घेऊन म्हणाले, “विलासच्या मातोश्री आपल्या लाडक्या काकडीवाल्या मावशी. प्रामाणिकपणाचा मूर्तिमंत आदर्श!” आई, हे त्यांनी डोळे पुसत म्हटलं गं! अंगावर पाल पडावी तसं झालं मला. त्याच हातांनी त्यांनी मला शाल पांघरली. आणि मी ती पांघरून घेतली. वाकून नमस्कारसुद्धा केला.

खाली उतरताना बघितलं तर गेटपाशी सलीम. गोडाऊनमधून ड्युटीच्या कपड्यांतच आला होता. केसांत कापसाचे धागे, आणि हात वर करून टाळ्या. मनापासून वाजवत होता, माझ्यासाठी! जवळ गेलो तर म्हणाला, “अम्मा होती तो कितना खुश होती, भाई.” मी म्हटलं, “सलीम, वो गोल तेरा था.” तर म्हणाला, “गोल तो हुआ ना? कॉलेज जीता ना? छोडो.”

मी त्याला जेवायला आत घेऊन निघालो. दारावर कार्यकर्ता उभा होता. म्हणाला, “हे कोण? कूपन आहे का?”

आई, तुला ठाऊक आहे मी काय बोललो? मी म्हणालो, “ओळखीचा आहे.”

ओळखीचा! चिखलात उभी राहून, साऱ्या झोनसमोर, देवीची आण घेऊन तू ज्याला ‘माझा’ म्हणालीस, तो माझा ओळखीचा! सलीम हसला. “मेरी शिफ्ट है, भाई,” म्हणून पाय ओढत निघून गेला. मी आत गेलो आणि जेवलो. जिलेबीसुद्धा खाल्ली. सरांची किळस येते, टाळ्या पिटणाऱ्या त्या पोरांची येते, पण त्या जिलेबीइतकी कशाचीच येत नाही.

तुझ्यावरही राग आहे माझा. तू मला का पकडून दिलं नाहीस? कॉलेजातून काढलं असतं तर काढलं असतं. काकड्या विकल्या असत्या तुझ्याबरोबर. निदान तू कुंपणाशी बसून वरडत राहिली असतीस.

असो. आता माझं ऐक. सोमवारी रजा टाकली आहे. सकाळी काल्हेरला जाऊन सलीमला गोडाऊनमधून उचलणार. तो नको म्हणेल, तरी आणणार. कॉलेजात जाऊन ती शाल सरांच्या टेबलावर ठेवणार आणि बोर्डावरचं माझं नाव खोडून त्याचं लिहा म्हणून सांगणार. सायझिंगच्या साहेबांनाही सांगणार, काय व्हायचं ते होऊ दे. कॉलेजने ऐकलं नाही, तर व्हरांड्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन. वरडायचं कसं ते तुझ्याकडून शिकलोय.

आणि कुणी विचारलंच, हा कोण, तर त्याच्या डोक्यावर हात ठेवीन. तू ठेवला होतास तिथेच.

तुझा थोरला,
विलास