रविवारची सात कामं

शेलार, ता. भिवंडी
रविवार, ११ फेब्रुवारी २००७

चि. सौ. निशा हिला अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात तुझ्या नावाआधी मी 'सौ.' लिहिलं नव्हतं. तुझं दुसरं लग्न होऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तुझ्या लक्षात आलं असणार. आज लिहिलं आहे. हितेशरावांना नमस्कार सांग.

इकडे सर्व ठीक. हौसाचे गुडघे थंडीत धरतात, बाकी ती बरी आहे. वडप्याच्या बाजूला आणखी दोन गोदामं उभी राहिली, त्यामुळे आपल्या ओट्यावरून डोंगर आता अर्धाच दिसतो. वालाच्या शेंगा यंदा चांगल्या आल्यात. पेणला तुमच्याकडे कुणी निघालं तर पाठवतो.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. उन्नती पंचवीस तारखेला सात वर्षांची होईल आणि तिला वाढदिवसाला पप्पाचा आवाज ऐकायचा आहे, असं लिहिलंस. शाळेत कुणी विचारलं, तुझा आधीचा पप्पा कसा बोलायचा, आणि पोरीला सांगता आलं नाही. कॉम्प्युटर दुरुस्त झाला असेल तर मी ठेवून आलेल्या फ्लॉपीवर त्यातल्या आवाजाची कॉपी काढून पाठवाल का, असंही विचारलंस. त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी त्या कॉम्प्युटरचं सांगतो. देवेशने तो चौऱ्याण्णव साली ठाण्याच्या एका छापखान्यातून आणला, तेव्हाच तो जुना होता. हौसा लेकाला म्हणाली होती, "टीव्ही आणला तं निदान शिनेमा तरी दिसला असता." त्याच्यावर त्याने अर्ध्या गावाच्या लग्नपत्रिका काढल्या. तुमचीही त्यातलीच. शेजारच्या लूमच्या शेडमधली रुई खिडकीतून उडून आत जायची आणि पंखा अडकायचा, म्हणून त्याने मला रविवारची सात कामं कागदावर लिहून दिली. तो कागद अजून भिंतीवर आहे. मी म्हटलं, मला यातलं काय कळतंय? तर म्हणाला, "आबा, तुम्ही लूमला जपता तसं ह्याला जपा. मशीन ती मशीन."

मी तसं जपलं. देवेश गेल्यापासून एक रविवार चुकवला नाही. खोळ ओट्यावर नेऊन झटकायची. डबा उघडून आतली रुई रंगाच्या ब्रशने काढायची, कोपऱ्यांत सायकलच्या पंपाने हवा मारायची. मेमरीची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबरने घासायचे. माऊसची गोळी काढून आतल्या चाकांना गुंडाळलेला धागा सुईने सोडवायचा. दसऱ्याला हौसा डब्यावर हळदकुंकू वाहते. फटीतून आत गेलेले तांदूळ पुढच्या रविवारी मी चिमट्याने वेचतो. शेवटी मशीन चालू करून पडद्यावरची तारीख बरोबर आहे का बघायची.

आणि सगळं आवरलं की हौसा पदराला हात पुसत येऊन स्टुलावर बसायची. मग मी देवेशचा तो आवाज लावायचो. त्रेचाळीस सेकंद. ती उठून भाकऱ्या करायला जायची.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

परवा इथेच थांबलो. आज पूर्ण करतो.

निशा, सव्वा वर्षापूर्वीच्या दिवाळीत तू आणि हितेशराव आला होतात, तेव्हा कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता. त्याच सकाळी आम्ही आवाज ऐकला होता. तू पर्समधून नवी फ्लॉपी काढलीस आणि मी म्हणालो, "बिघडलाय तो, चालू होत न्हाय." हितेशराव म्हणाले, "मी बघू का जरा?" तर मी त्यांना म्हणालो, "पाव्हण्यांनी चहा घ्यावा." हौसा आत निघून गेली. तू फ्लॉपी टेबलावर ठेवलीस. म्हणालीस, "असू द्या आबा, दुरुस्त झाला की काढा." मी ती खणात टाकली.

त्या भिंतीवरच्या कागदावर सातवं काम आहे: 'कॉपी फ्लॉपीवर काढून कपाटात ठेवणे.' देवेशने मला ते दोनदा करून दाखवलं होतं. येत नव्हतं असं नाही. मी सहा कामं करायचो आणि सातवं सोडायचो. वाटायचं, नातीला तू घेऊन गेलीस, निदान हे तरी फक्त या घरात राहू दे. कॉपी असती तर कधीतरी तुला द्यावी लागली असती. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या टेबलावर माझा देवेश बोलेल, हे मला सहन होत नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मशीनमधून आवाज यायला लागला. बारीक, किरकिरणारा. मी कामतघरच्या शेडमध्ये एकतीस वर्षं जॉबर होतो, लूम दुरुस्त करण्यातच आयुष्य गेलं. फिरणारी वस्तू ओरडायला लागली की तिला तेल हवं असतं, हे मला झोपेतही कळतं. आवाज हार्ड डिस्कमधून येत होता. मी ती बाहेर काढली. झाकणाचे स्क्रू सोडवले. आत आरशासारखी चकचकीत तबकडी होती. इतकी स्वच्छ वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती. तिच्या मधोमध, जिथे ती फिरते, तिथे मी लूमच्या तेलाचा एक थेंब सोडला. एकच. जास्त तेल वाईट, हेही मला ठाऊक आहे.

झाकण लावलं, मशीन चालू केलं. किरकिर थांबली होती. मला बरं वाटलं. मग काहीतरी खरवडल्यासारखं झालं आणि पडदा काळाच राहिला.

दुसऱ्या दिवशी भिवंडीत एका दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "चाचा, इसमें तेल किसने डाला?"

"मैंने."

"अंदर कुछ ज़रूरी था?"

मी म्हणालो, "बेटे की आवाज़ थी."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने डिस्क कागदात नीट गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, कुठेही नेलीत तरी आता निघणार नाही.

हौसाला अजून सांगितलेलं नाही. स्पीकर गेलाय, म्हणालो. पाच रविवार झाले, ती येऊन स्टुलावर बसते आणि विचारते, "आज तरी लागंल का?" मी तिच्यासमोर ब्रश फिरवत राहतो. तुला आधी सांगतोय, कारण ते तुझं आणि पोरीचं होतं.

मला ते पाठ आहे. जसं होतं तसं लिहितो. उन्नती तेव्हा दहा महिन्यांची होती.

आधी देवेश खोकतो. मग: "हॅलो, हॅलो. चालू हाय का रे हा? हां, हाय. ए उने, हिकडं बघ. बोल, पप्पा. पप्पा बोल गो." मागे शेडमधले लूम खटखट करत असतात. उन्नती "ब्बा" म्हणते आणि माईकवर हात मारते. देवेश हसतो. लांबून हौसा: "सोड तिला, थंडी लागंल." देवेश: "थांब गो आये, बोलते ती." मग तू काहीतरी म्हणतेस, ते कधीच नीट कळलं नाही; बांगड्या तेवढ्या ऐकू येतात. शेवटी देवेश, माईकच्या अगदी जवळ: "न्हाय बोलत. उद्या बोलंल."

एवढंच होतं.

मी पेणला येऊन तिला हे म्हणून दाखवीन, असं मनात आलं होतं. पण तो आवाज माझा असेल. तिला दुसऱ्या कुणाचा आवाज नको आहे. तिला काय सांगायचं ते तू ठरव. आजाने मोडलं, असंच सांगितलंस तरी चालेल, कारण खरं तेच आहे. आधी लपवलं आणि मग मोडलं, हे मात्र ती मोठी झाल्यावर सांग.

हे पत्र टाकून आल्यावर हौसाला सांगणार आहे.

सोबत तुझी फ्लॉपी परत पाठवतो आहे. लेबलवर तुझ्या अक्षरात 'उन्नतीसाठी' लिहिलेलं आहे. ती कोरीच आहे.

खाली 'आबा' लिहायला हात धजत नाही. पुढे कधी पत्र लिहावंसं वाटलं, तर मायन्यात तो शब्द ठेवायचा की नाही, ते तुझ्याकडे.

केसरीनाथ