निवांतपणाचं वेळापत्रक

मंगळवार, ११ मार्च. सकाळी दहा वाजून सतरा मिनिटं.

चि. जावईबापूंस आशीर्वाद.

(वर लिहिलेली तारीख-वेळ पत्राची नाही. त्या वेळी तुम्ही माझ्या हातातली घंटा काढून घेतलीत.) तुमची पाठ कशी आहे? दिवसभर वाकून लोकांच्या कवळ्या घासायच्या, म्हणजे ती दुखणारच. माझी प्रकृती अपमान वगळता उत्तम. तुम्ही वर, मी खाली, मध्ये एक जिना. तरी पत्र लिहिते, कारण लेकीने अबोला धरला आहे आणि समोर बोलले की माझा आवाज चढतो, असं तुमचंच म्हणणं आहे.

भिंगरीला शाळेत न घालता घरीच, निवांत शिकवायचं तुम्ही ठरवलंत, तेव्हा मी अक्षरही बोलले नाही. (दोन-चार बोलले असेन, पण हळू.) पाचव्या वर्षी जी पोर अग्रलेख वाचून ‘हे काका एवढे का चिडलेत?’ विचारते, तिला बाराखडी गिरवत कशाला बसवायचं, हे मलाही पटलं होतं. लेकीची योजना अर्ध्या कागदावर मावली: आवडेल ते, आवडेल तेव्हा; सोबतीला आजी. आता एकतीस वर्षं शाळेत पर्यवेक्षिका असलेल्या बाईला नुसतं ‘सोबतीला’ ठेवायचं, म्हणजे कुलपाला कडीवर शोभेसाठी लोंबकळायला सांगण्यासारखं आहे. मी त्या योजनेला फक्त शिस्त लावली. साडेनऊ ते दहा मुक्त खेळ. दहा ते सव्वादहा कुतूहल. सव्वादहा ते अकरा निवांतपणा, हाताची घडी घालून. (कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला असंच बसवत. वाटायचं नाही, पण दिसायचो फार निवांत.)

मंगळवारी पोर कुतूहलाच्या तासाला तुमच्या कामाच्या खोलीत साच्यांमधले दात मोजत बसली. सव्वादहाला मी घंटा दिली. आली नाही. दाराशी जाऊन पुन्हा दिली, जरा जोरात. तुम्ही दचकलात, हातातली कवळी फरशीवर आपटली आणि त्या निवृत्त न्यायाधीशांचे पुढचे दोन दात कपाटाखाली गेले. त्याबद्दल मी क्षमा मागते. न्यायाधीशांची, तुमची नाही. एरवी ही पोर सगळ्यांच्या आधी पालथी पडून कपाटाखाली हात घालते. त्या दिवशी ती हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली, “आजी, मी कपाटाखाली बघू का?” तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि “आई, पुरे आता,” म्हणत घंटा घेतलीत. माझ्या अख्ख्या नोकरीत शिपायानेसुद्धा ती मला न विचारता उचलली नव्हती. मी निषेध नोंदवते.

तुमची,
सासू

ता. क. एक गोष्ट आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नाही. आदल्या शुक्रवारी निवांतपणाच्या तासाला तिने विचारलं होतं, आरशात डावं-उजवं बदलतं, मग वर-खाली का बदलत नाही? मी म्हटलं, हा विषय सोमवारी, कुतूहलाच्या तासाला. रविवारभर मी आरसा घेऊन बसले. मलाही कळेना, पण मजा आली. सोमवारी दहाच्या ठोक्याला म्हटलं, हं, विचार आता. ती म्हणाली, “तो प्रश्न संपला, आजी.” पूर्वी दिवसाला चाळीस प्रश्न असायचे. मंगळवारी एकच आला, आणि तोही परवानगीचा.

पुन्हा ता. क. घंटा तुमच्याकडेच राहू द्या. मला त्या खोलीत दाराजवळ एक स्टूल हवं आहे. मी तोंड उघडणार नाही. उघडलंच तर साच्याचं प्लास्टर भरा. ती पुन्हा काही विचारू लागली, तर ते मला ऐकायचं आहे. उत्तरं तुम्ही द्या. होय की नाही, शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. तिने लिहिलं तरी चालेल. शुद्धलेखन तपासणार नाही. (प्रयत्न करीन.)