स्वयंपाकघरावरचा ठिपका

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, सातवीत शाळा सोडलेला, घरापासून लांब पाया खोदायच्या कामावर असलेला, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे, फक्त तापलंय. परवा शेजारच्या खड्ड्याची कड ढासळली, म्हणून ही घाई.

एक. घर आणि मागचं टेकाड यांतला माझा हिस्सा. आधी कारण लिहितो, नाहीतर दादा म्हणेल माझे कोणी कान भरले. टेकाडात जुनी खापरं आणि हाडं निघाली. पूर्वी कुठे किती माणसं राहत होती, याचा अभ्यास करणाऱ्या बाई आल्या. दादाने परवानगीवर सही दिली. बाईंच्या मदतनिसाला ऊन लागलं, तर त्याने ठिकाण मोजायचं यंत्र आमच्या स्वयंपाकघराच्या दारात सावलीला आणून ठेवलं आणि तिथलाच आकडा नोंदवला. आता जगाला खुल्या असलेल्या नकाशावर ती जुनी वस्ती आईच्या स्वयंपाकघरात आहे. आई बाजारात गेली की सोनं शोधणारे पहारी घेऊन येतात, भिंतीच्या बुडाशी उकरतात. भिंतीच्या भेगेत आता हात जातो. आई त्याच भिंतीला टेकून जेवते.

बाई वाईट नाहीत. चूक कबूल केली. म्हणाल्या, आकडा सुधारू, लोकांना ढोबळ परिसरच दाखवू, नेमकी जागा फक्त अभ्यास करणाऱ्याला देऊ. पण परवानगी ज्याची, बदलाला सही त्याचीच. आणि दादा ढिम्म. त्याला टेकाडावर बघ्यांसाठी दुकान टाकायचंय. फोनवर मला म्हणतो, “मधल्या, तो ठिपका पुसला तर इथे माणसं होती हे कळणार कोणाला?”

मी म्हटलं, “आई आहे, ते आधी कळू दे.”

त्याने फोन ठेवला.

तर, दादाने बदलाच्या अर्जावर सही केली तर माझा सगळा हिस्सा त्याला, दुकानाच्या जागेसकट. मी गेल्यावर महिन्याभरात नाही केली, तर सगळा धाकट्या बहिणीला. ती त्याला टेकाडावर उभंही करणार नाही, मी ओळखतो तिला.

दोन. बँकेत असेल ते भिंतीला. बाकी कशालाही नाही.

तीन. बूट खोलीतल्या लंब्याला. माझेच घालून फिरतो, निदान हक्काने घालेल.

चार. मला इथेच पुरावं लागलं, तर जागा फक्त आईला सांगावी.

सही: मधला
साक्षीदार: मुकादम; क्रेनवाला
तारीख: चौदा मार्च
ठिकाण: कामावरची पत्र्याची खोली. मुकादम म्हणतात पत्ता नीट लिही. याहून नेमकं लिहिणार नाही.