सर्व हक्क राखीव

३ जून
आमच्या साहेबांना वाटतं, नेटवर दिसतं ते सगळं आपल्या बापाचं. गावच्या शाळांना मुक्त सॉफ्टवेअरचा संच द्यायचाय, सोबत शिकवणाऱ्या पुस्तिका. कुठली वाटता येते, कुठली बदलता येते, कुठलीला हात लावायचा नाही — परवाने वाचून निवडायचं काम माझं. प्रभुलिंगसाहेब म्हणाले, "अक्षता, फुकट हाय की सगळं. निवडायला काय तांदूळ हाय का?" आणि हे संस्थेचे अध्यक्ष!

४ जून
एका पुस्तिकेवर कुणा महाभागाचा परवाना — 'चांगल्या कामासाठीच वापरा.' चांगलं कुणी ठरवायचं? याच्या आईनं? बाजूला टाकली.

७ जून
मराठीत धड पुस्तिका एकच. बाकीच्या यंत्रानं इंग्रजीतून केलेल्या — माऊसला 'उंदीर दाबा' म्हणे. ही मात्र माणसानं लिहिलेली. लेखक शिवयोगी, कुंभारीचे निवृत्त शिक्षक. पण परवान्याचा एक शब्द नाही. एवढं लिहिलं, ती एक ओळ तेवढी जड झाली! परवाना नाही म्हणजे वाटता येत नाही.
साहेब म्हणाले, "घाल गुपचूप. म्हातारा कुठं बघायला येतोय."
घातली नाही.

९ जून
रविवार. कुंभारीला जाऊन आले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. शिवयोगी सर म्हणाले, "मी तर पोरांसाठीच लिहिलं. वेगळं सांगायचं काय त्यात?"
सांगितलं — तुम्ही लेखी 'घ्या' म्हणत नाही तोवर कायदा 'नको' असंच धरतो.
सर म्हणाले, "म्हणजे मी बोललो नाही म्हणून पोरांना मिळालं नाही?"
बायको, शांतम्मा, आतून म्हणाल्या, "वाटा, पर बदलू देऊ नका. कुणी बी काय बी लिवंल."
सर विचार करून म्हणाले, "बदलू दे. संगणक बदलतोय, पुस्तक नको बदलायला? नाव तेवढं ठेवा. आणि ज्यानं घेतलं त्यानं पुढच्याला अडवायचं नाही."
असा परवाना असतो, म्हटलं. त्यांनी स्वतः बसून टाइप केला, पुस्तिकेत घातला आणि ती प्रत मला दिली. भांडण राहूनच गेलं.

१३ जून
संच तयार. उघडून बघितला. सरांच्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, खाली 'सर्व हक्क राखीव'. सरांचं नाव कुठंच नाही. परवानाही नाही.
"संस्थेचं नाव व्हायला नको? त्या मास्तरला काय कळतंय," म्हणाले. मास्तरला एका दुपारी कळलं. यांना वर्षभर सांगतेय!

१४ जून
सरांना फोन केला. कसं सांगावं कळेना, सांगून टाकलं. सरांनी विचारलं, "मी दिलेली प्रत तुमच्याकडं आहे ना?"
आहे, म्हटलं.
"मग अडलंय कुठं?"

१७ जून
राजीनामा दिला. तिथून थेट माढा. शाळेतल्या संगणकांवर संच चढवला — सरांच्या नावासकट, परवान्यासकट. संध्याकाळी साहेबांचा फोन. "कुणाला विचारून वाटलंस?"
विचारावं लागत नाही, म्हटलं.