टेकडीवरची माती

चि. योगेंद्र,
तुझ्या अक्काचा आशीर्वाद.

सासर सुटल्यावर मी माहेरी आले. वाटणीत तुला खालचं काळं रान आलं, मला टेकडी. इथं वीतभर मुरूम आणि त्याखाली नुसता काळा खडक. ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही. म्हणून उन्हाळाभर तलावातला गाळ वर आणून पसरला, दगडांचे बांध घातले. परवाच्या पावसात बांध फुटले आणि सगळा गाळ तुझ्या रानात उतरला.

सकाळी तू धावत वर आलास. "अक्का, तुनी बठ्ठी माती मना वावरमा उनी. आते टेकडी सोड, घर चाल."

तू मनापासून बोलत होतास. पण तुझ्या घरी मी चार दिवस पाहुणी आणि मग जन्मभर भाकरी थापणारी. "बघू," एवढंच म्हणाले. तू गेल्यावर उघड्या खडकावर बसून रडले. इथं काही पिकत नाही आणि माझं म्हणावं असं दुसरं काहीच नाही.

म्हणून हे लिहिलं, पण तुला देणार नाही. निदान दोन ट्रॉल्या माती परत दे, असं मला म्हणायचं होतं. तू लगेच दिली असतीस, आणि पुढच्या पावसात ती पुन्हा तुझ्याकडेच आली असती.

खडकावर बसलेली तुझी अक्का,
सुलक्षणा