नऊ मतांचा शोध

प्रिय हेबेर,

निवडणूक हरलास त्याच रात्री तू मोंतेविदेओला सासुरवाडी गाठलीस आणि फोनवर मला काम सोपवलंस: नऊ मतांनी पडलोय ताई, गद्दार कोण ते शोध. चार दिवस शोधतेय. 

संशय अर्थातच न्हावी अनिबालवर. कधी आपल्याला मत देणार, कधी समोरच्या पक्षाला. त्याच्यासारखी गावात शे-दीडशे माणसं आहेत आणि महापौर तीच ठरवतात, हे तूच मला शिकवलंस. त्यांच्यासाठी तू वेगळी पत्रकं छापलीस, प्रत्येकाच्या दारी गेलास. मग मार्चमधला तो शनिवार आठव. अनिबाल आपण होऊन पक्षाच्या कचेरीत आला होता, रुग्णवाहिका रविवारी का नसते एवढंच विचारायला. माते, आपला तो कडवट पाल्याचा चहा, मी भरत होते. एकच भांडं, एकच नळी, ओळीने सगळ्यांना. त्याची पाळी आली आणि तू हसत म्हणालास, "त्याला थांबू दे ताई. आधी ठरवू दे, तो कुणाचा आहे ते." सगळे खो खो हसले. आणि मी, चोपन्न वर्षांची बाई, भांडं त्याच्या नाकासमोरून पुढच्याला दिलं. भांडण झालेल्या शेजाऱ्यालाही आपण असं वगळत नाही रे. तो टोपी घालून निघून गेला. रुग्णवाहिकेचं राहूनच गेलं. बाबा कोपऱ्यात बसून सगळं बघत होते.

काल त्याच्या दुकानात भांडायलाच गेले. त्याने काही लपवलं नाही. तो, बायको आणि दोन्ही जावई, चौघांनी तिकडे मत दिलं. मला खुर्चीत बसवून पाणी मात्र दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज बाबांचा कोट झटकायला घेतला. रविवारी सकाळी मतदानाला निघताना आपल्या पक्षाची छापील यादी मीच घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली होती, मताच्या पाकिटात घालून पेटीत टाकायला. ती तशीच होती, माझी घडीसुद्धा मोडली नव्हती. हेबेर, एकावन्न वर्षं या पक्षात काढलेला माणूस!  मतदानाच्या खोलीतून दुसरी घेतली असेल, या आशेने विचारलं. त्यांनी हातातली किटली खाली ठेवली. "तुझा भाऊ जरा जमिनीवर यावा, एवढंच मनात होतं," म्हणाले. "मला वाटलं, मी एकटाच असेन."

म्हणून हे पत्र. पुढे शोधायची माझी हिंमत नाही. बाबा जेवत नाहीत, सारखे फाटकाकडे बघतात. तुला हे सांगायचं नाही म्हणाले, पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. रविवारी ये. आरडाओरडा करायचा तर माझ्यावर कर, त्यांच्यावर नको. अनिबाललाही बोलावलंय, येतो म्हणालाय. माते बाबा भरतील. पहिला त्याला, मग तुला. मला वगळलं तर मी काही बोलणार नाही.

तुझीच,
नेलिदा