भिवाच्या गाडीचे पाटे

१९ जानेवारी १९५६

भिवा अजून आला नाही. परवा सकाळी गिरगावात संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा बघून येतो म्हणून गेला – तिकडे गोळीबार झाला. इकडे लालबागेतही झाला. बाहेर कर्फ्यू. त्याची बायको चंपा उंबऱ्यापाशी बसून आहे. मी थोरला भाऊ, पण तिला काय सांगू?

२३ जानेवारी

हॉस्पिटलं पालथी घातली. मुडदाघरातही गेलो. एकेक चादर वर करून दाखवली. भिवा नाही.

३० जानेवारी

काळाचौकीला कुशाबाच्या गॅरेजात गेलो. आम्ही भावांनी भंगारातून घेतलेली मोटार तिथेच उभी आहे. तिची टॅक्सी करायची होती – मी वेल्डर, तो ड्रायव्हर. नुसती बघून येणार होतो. मागच्या चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा, गाडीच्या सांगाड्याला जिथे टांगलेत, तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवला. आरपार गेला! वरून रंग, आत नुसता गंज. माणसं भरून एका खड्ड्यात आपटली की पाटा जागेवरून उपटून येईल.

कुशाबा म्हणाला, भंगारात दे परत. नाही म्हटलं. भिवा आला तर त्याला काय दाखवू?

८ फेब्रुवारी

जेवढं कापतो तेवढं सडकंच निघतं.

१२ फेब्रुवारी

पट्टी लावायला घेतली. कडेचं लोखंड इतकं पातळ की ज्योत लागताच वितळलं, हे एवढं भोक पडलं. हातोडा फेकला आणि गाडीखाली तसाच पडून राहिलो. उठावंसंच वाटेना. काल ठाण्याच्या जेलाच्या दारावर जाऊन आलो. तिथेही त्या नावाचा कुणी नाही.

२६ फेब्रुवारी

आज चंपा गॅरेजात आली. एरवी माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. घरात बसवत नाही म्हणाली. चांगलं लोखंड लागेपर्यंत मी सगळं कापून काढलं होतं. नवी जाड पट्टी आणि आतून तिरका आधार बसवायचा होता, धरायला माणूस नव्हतं. हाताला चिंध्या गुंडाळून तीच गाडीखाली सरकली. मनगटावर ठिणगी पडली तरी हात हलवला नाही. रडत होती. मी बघितलं नाही असं केलं.

४ मार्च

दुसरी बाजूही झाली. जॅक खाली घेतला. कुशाबा आणि त्याची माणसं मागे चढून नाचली – कुठे करकर नाही. सगळे हसले. मला धसकाच बसला. आता उद्यापासून हातांना काम काय? आणि ही चालवणार कोण? चाळीतल्या बायका बोलायला लागल्यात, चंपानं आता कुंकू पुसावं. भिवा गेला, हे आज पहिल्यांदा मनात धरलं.

११ मार्च

भिवा आला. धडधाकट! गोळीबारात नव्हता, जेलात नव्हता. कल्याणला दुसरी बाई होती. लोक मेलाच समजतील म्हणून तिच्याकडे राहिला. तिनं हाकलला, तेव्हा घर आठवलं.

चंपानं आम्हा दोघांना बाहेर ठेवून कडी घातली. आतून म्हणाली, "दादा, ह्यांच्यासाठी माझं रडून झालंय. सांगा त्यांना."

सांगितलं.